डिक्की थरथरती, टप फुगतोय... गाडीचा पत्रा मजबूत करायचा कसा?

मोसंबी_जालना
राम राम मंडळी. पहिलाच धागा आहे, चुकलंमाकलं सांभाळून घ्या.

गाडी जुनी हॅचबॅक, २०१३ ची, सेकंडहँड घेतलेली. दिवाळीला बोनस मिळाला तव्हा मागं बारा इंची वुफर, म्हणजे बासचा मोठा स्पीकर, टाकला. पोर्टवाली (हवेला भोक ठेवलेली) पेटी सुताराकडून १८ एमएम एमडीएफची करून घेतली, ॲम्प ६०० वॉटचा. पेटी अशी दणकट झालीय की तिच्यावर उभं राहिलं तरी हलत नाही. पण गाडीच हलती ना राव. बास पडला की आतल्याला गाणं ऐकू येतं आणि बाहेरच्याला नुसता पत्रा. आई म्हणती गिरणीत रिकामा डबा ठेवल्यावाणी वाजतंय. आतला आरसा इतका थरथरतो की मागचा एक ट्रक दोन दिसतो. परवा धाकट्या भावानं गाणं चालू असताना टपावर तळहात ठेवला आणि म्हणला, दादा, हे तर श्वास घ्यायलंय.

आता सल्ले तीन मिळालेत. संभाजीनगरला एका दुकानात म्हणले पूर्ण गाडीला मॅट मारा, म्हणजे पत्र्याला आतून चिकटवायची रबरी चादर, २२ हजार. आमच्या इथला फॅब्रिकेशनवाला म्हणतो मॅटबिट काही नाही, टपाखालून तीन आडवे स्क्वेअर पाईप वेल्ड करून देतो, दीड हजार. तिसरा म्हणला फायबर मार, कूलरच्या बॉडीला असतं तसलं. बजेट पाच-सहा हजार. मला कुठं गाडीतल्या आवाजाच्या स्पर्धेत जायचं नाही, अंबडला सासुरवाडीला जाताना गाणं नीट ऐकू यावं एवढंच. खरं काय करू?

परभणी_एक्सप्रेस
जाताना का येताना? येताना आवाज जास्त लागतो असा माझा अनुभव आहे.

खडखड_नको
दादा एक रुपया खर्च करायच्या आधी हे करा. मोबाइलवर सरकता टोन मिळतो, २० हर्ट्झपासून १०० पर्यंत हळूहळू चढत जाणारा. तो लावा, आवाज निम्म्यावर ठेवा, आणि कुणाला तरी बाहेर उभं करून एकेक वस्तू हातानं दाबून बघायला सांगा. जिथं हात ठेवल्यावर खडखड थांबली तो चोर.

माझ्या गाडीत पत्रा वाजतोय म्हणून मी सहा महिने पत्र्याला शिव्या दिल्या, निघाली काय तर मागची नंबर प्लेट. दोन स्क्रूवर लटकलेली, खालचा भाग डिक्कीवर टाळ वाजवत होता. नंतर स्टेपनीच्या खड्ड्यातला जॅक, मागच्या सीटबेल्टचं बक्कल, पार्सल ट्रेच्या खुंट्या. उजव्या बाजूच्या प्लास्टिकच्या आत डब्यातला चमचा सापडला, चमचा आमचा नव्हताच, आधीच्या मालकाचा. सगळा खर्च १४० रुपये, दाराखिडक्यांना लावायची फोमची चिकटपट्टी मिळती ना ती.

मोसंबी_जालना
नंबर प्लेट बघतो उद्या. पण टप फुगतो त्याचं काय? तिथं तर चमचा नाही.

वाळूज_वेल्डर
मोसंबी भाऊ, एकोणीस वर्षं डेंटिंग करतो, त्यातली बारा वाळूजला. त्या फॅब्रिकेशनवाल्याला लांबूनच नमस्कार करा. तो गेट चांगलं करत असेल, शेड चांगलं करत असेल, पण गाडीचा टप म्हणजे शेड नव्हं. बाहेरचा पत्रा साधारण पाऊण एमएमचा असतो, कधी त्याच्याहून कमी. त्याला खालून पाईप वेल्ड केला की उष्णतेनं पत्रा ओढतो, वरून टिपक्या-टिपक्यांचे खड्डे दिसतात, रंग जळतो आणि जिथं जस्ताचा थर जळाला तिथून दोन पावसाळ्यात गंज वर येतो. हे झालं दिसणारं. न दिसणारं म्हणजे टपाचं अस्तर, त्याच्यामागचा फोम, वायरिंग. एकदा माझ्या शेजारच्या गाळ्यात एकानं असंच अस्तर अर्धंच खाली ओढून ठिणगी पाडली, पाण्याच्या बादल्या मीच नेल्या. आणि नव्या गाडीत खिडक्यांच्या वर पडद्यावाणी उघडणारी एअरबॅग असती, तिच्या आसपास तर हात पण लावायचा नाही. वेल्डिंगला बॅटरीची वायर काढणं पण ह्या लोकांना माहीत नसतं.

आता ऐका कामाचं. तुमच्या टपाखाली कंपनीनंच दोन-तीन आडव्या पट्ट्या दिलेल्या असतात. ह्या पट्ट्या टपाला वेल्ड नसतात, फक्त दोन्ही कडांना असतात. मधे पट्टी आणि पत्रा यांच्यात थोडी फट असती आणि त्या फटीत मऊ मसाल्याचे टिपके टाकलेले असतात, चिंगमसारखे. दहा-बारा वर्षं जालन्याच्या उन्हात हा मसाला सुकून आक्रसतो आणि पत्र्याला सोडून देतो. मग टप म्हणजे नुसता ताणलेला कागद. अस्तर उतरवा, पट्टीवर बोट ठेवून टपाला वरून दाबा. पत्रा वेगळा आणि पट्टी वेगळी हलली तर तुमचा आजार तोच.

औषध: जुना मसाला खरवडून काढा, फट पुसून घ्या, आणि काच चिकटवायचं पीयू सीलंट नळीनं टिपके-टिपके भरा, चार-चार बोटांवर. सलग भरायचं नाही आणि एम-सीलसारखं कडक काही भरायचं नाही. कडक झालं की उन्हात पत्रा फुगताना तिथंच अडतो आणि वरून रेघ उमटती. एक नळी चार-साडेचारशेला येती. दोन पुरतील.

परभणी_एक्सप्रेस
भाईंनी तर टपाची नाडी बघितली.

नांदेड_बासप्रेमी
वेल्डर भाईंचा मान ठेवून थोडं वेगळं बोलतो. सीलंटनं कंपनीनं दिलं तेवढंच परत मिळणार. कंपनीनं टप रेडिओसाठी बनवलाय, बारा इंचासाठी नाही. माझ्याकडं दोन बारा आहेत, मी आधी मॅटच मारली, पूर्ण टप, एकावर एक दोन थर, अकरा हजार गेले. टकटक करून बघितलं तर ढब्ब आवाज, एकदम महागड्या गाडीवाणी. खूश झालो. गाणं लावलं तर टप पहिल्याइतकाच वर-खाली! मॅटनं झिनझिन गेली, हालचाल नाही गेली. मग मी बारा एमएम प्लायच्या पट्ट्या टपाच्या वळणावर कापून आतून चिकटवल्या, तव्हा कुठं फरक पडला. बाहेरच्या देशात आवाजाची स्पर्धा करणारे लोक तर दारं बोल्टनं कायमची बंद करतात, काचा बदलून जाड ॲक्रिलिक टाकतात, खाली काँक्रीट ओततात. गाडी चालवायची नसतीच, ट्रेलरवर न्यायची.

तिखट_शेंगदाणा
काँक्रीट?? मग पीडब्ल्यूडीलाच टेंडर द्या की.

परभणी_एक्सप्रेस
पीडब्ल्यूडीनं केलं तर पहिल्या पावसात टपावर खड्डे.

पदार्थविज्ञान_लातूर
मी ज्युनियर कॉलेजला शिकवते. वुफरचं मला काही कळत नाही, भावामुळे घरात ऐकावं लागतं तेवढंच. पण नांदेडच्या दादांना जे दिसलं ते का दिसलं हे गणितानं सोपं आहे, वर्गात पोरांना पण घालते हे.

१२० डेसिबल म्हणजे हवेचा दाब २० पास्कलनं खाली-वर. दर २० डेसिबलला दाब दहापट, म्हणजे १४० ला २०० पास्कल, मधे १३० ला ६३. मोसंबी भाऊंच्या गाडीत १३० धरू. टप दीड चौरस मीटर धरला तर ६३ गुणिले दीड म्हणजे ९५ न्यूटन, साधारण साडेनऊ किलोचं वजन. हे सरासरी, टोकाला तेरा-चौदा किलो. १४० ला गेलात तर टोकाला ४३ किलो. आणि हे वजन नुसतं ठेवलेलं नाही, ४० हर्ट्झचा बास असेल तर सेकंदाला चाळीस वेळा आतून ढकलतंय आणि चाळीस वेळा ओढतंय. आता पाऊण एमएमचा पत्रा काय करणार?

दुसरं. पत्र्याचा ताठपणा जाडीच्या घनात वाढतो. जाडी दुप्पट केली तर ताठपणा आठपट. पण ते पोलादाची जाडी वाढवली तर. मॅट म्हणजे ब्यूटाइल रबर आणि वर पातळ ॲल्युमिनियम, त्याचा ताठपणा पोलादापुढं काहीच नाही. तिचं काम कंपनाची ऊर्जा रबरात जिरवून तिची उष्णता करणं. म्हणून घंटेसारखी झिनझिन मरते, पण खालच्या बासला पत्रा पूर्णच्या पूर्ण ढकलला जातो तिथं तिचा उपयोग फक्त वजनापुरता. उलट आधाराच्या दोन कडांमधलं अंतर निम्मं केलं, तर सारख्या पसरलेल्या भाराखाली पट्टीचा झोल सोळापट कमी होतो. म्हणून प्लायच्या पट्टीनं जमलं ते मॅटच्या दोन थरांनी नाही जमलं. वेल्डर भाईंच्या मसाल्याचं पण तेच, तो पट्टीला परत आधार बनवतो.

परभणी_एक्सप्रेस
४३ किलो म्हणजे आमचा पुतण्या. सेकंदाला चाळीस वेळा टपावर उड्या. मॅडम, तुम्ही आमच्या घराचं वर्णन केलं.

बप्पा_केजकर
मपलं बी आयका. आपला ट्रॅक्टर आहे, सीझनला ऊस वाहतुकीला असतो. दोन ट्रॉल्या जोडल्या की रात्री झोप लागू नये म्हणून ड्रायव्हर लोक टेप लावतात, आता टेप म्हणजे काय, मडगार्डवर दोन-दोन पेट्या आणि वर भोंगा. आमच्या पोरानं मडगार्डला भोकं पाडून पेटी डायरेक्ट बोल्टनं कसली. पंधरा दिवसात मडगार्ड भोकापासून तडकलं, असं तडकलं की बोट जाईल. वेल्डिंग केलं, परत शेजारून तडकलं. मग एका म्हाताऱ्या मिस्तरीनं पेटी काढली, खाली जुन्या ट्यूबचा तुकडा घातला, पाठीमागून हातभर लांब चपटी पट्टी दिली आणि भोकाच्या कडा कानसीनं गोल घासल्या. तेव्हापासून दोन सीझन झाले, काही नाही. तो म्हणला पत्र्याला एका ठिकाणी धरू नको, पसरून धर. मॅडमनी गणितात सांगितलं तेच असंल.

पण खरं सांगू का, त्या टेपापायी मागून आलेल्या गाडीचा हॉर्न ऐकू येत नाही. गेल्या साली आमच्याच रस्त्याला एक मोटरसायकलवाला ट्रॉलीला घासून गेला, वाचला बिचारा. आता पोराला सांगितलंय, एकच पेटी.

धाराशिव_ऊन
मॅटवर माझा पण अनुभव लिहून ठेवतो, कुणाच्या तरी कामी येईल. दुकानातली मॅट महाग म्हणून मी स्लॅबची गळती थांबवायला डांबरी पट्टी येती ना, चांदीवाली, ती आणली. दिसायला सेम. फेब्रुवारीत दारात आणि टपाला मारली, मित्रांना दाखवत फिरलो. एप्रिलच्या शेवटी दुपारी कलेक्टर ऑफिससमोर गाडी उन्हात तीन तास उभी. परत येऊन दार उघडलं तर नवीन रस्ता केल्यासारखा वास, आणि टपाच्या अस्तरावर काळे डाग उमटलेले. मे महिन्यात डांबर ओघळून दाराच्या खालच्या कडेला आलं. ते काढायला रॉकेल, खरवडायची पत्री आणि चार रविवार लागले. ब्यूटाइलच घ्या. ओळखायचं कसं, तर नाकानं. डांबराचा वास आला की ठेवा परत.

वाळूज_वेल्डर
हे धाराशिवच्या भावानं लाखाचं सांगितलं. त्यात अजून एक भर घालतो. दारात मॅट मारताना दाराच्या खालच्या कडेला बारीक भोकं असतात, पाणी जायची. काचेच्या रबरातून पावसाचं पाणी आत जातंच, ते तिथून बाहेर पडतं. लोक हौसेनं ती पण बुजवतात. मग दारात पाणी साठून वळणावर गुळगुळ आवाज येतो आणि दोन वर्षांत दाराची कड पापडासारखी होती. आणि दाराच्या आत जो आडवा लोखंडी बीम असतो तो बाजूनं धडक बसली तर वाचवायला असतो, त्याला भोक पाडून काही कसायचं नाही. मागे एकानं स्पीकरची रिंग बसत नाही म्हणून तो ग्राइंडरनं कापलेला मी बघितलाय. त्याला काही बोललो नाही, पैसे पण घेतले नाहीत, गाडी तशीच परत पाठवली.

सेलूची_लेक
माझ्याकडे वुफर नाही, प्रश्न वेगळा आहे. सेलू-परभणी रोज जाणं-येणं, रस्त्याचा आवाज इतका की फोनवर बोलताच येत नाही (हँड्सफ्रीवर, लगेच ओरडू नका). ह्या मॅटनं तो कमी होईल का? दुकानात विचारलं तर दुकानदार सगळं माझ्या मिस्टरांकडे बघून सांगत होता, गाडी माझ्या नावावर आणि मिस्टरांना गाडीच येत नाही.

खडखड_नको
ताई, होईल पण जादू नाही. मागच्या चाकांच्या वरचा फुगवटा आणि दारं, एवढ्यालाच आधी मारा. तिथूनच खडीचा आणि टायरचा आवाज येतो. टायर जुने झाले असतील तर आधी तेच बघा, झिजलेला टायर मॅटच्या बापाला ऐकत नाही.

सेलूची_लेक
टायर चार वर्षांचे आहेत. म्हणजे मिस्टरांचा खर्च वाढवला तुम्ही. धन्यवाद.

किल्लारीकर
मी सहसा लिहीत नाही, वाचत असतो. सगळं माहितीचं चाललंय म्हणून एक गोष्ट सांगू का, राग मानू नका.

आमच्या गल्लीत मागच्या गणपतीत अशीच एक गाडी आली, काचा बंद, गाणं ऐकूच येत नव्हतं, नुसतं जमिनीतून घुं घुं. घरातली भांडी मांडणीवर किणकिणली. माझी आई पंच्याऐंशी वर्षांची, ती कॉटवरून उठली, चप्पल पण न घालता अंगणात गेली आणि सगळ्यांची नावं घेऊन बाहेर या म्हणून ओरडायला लागली. ३० सप्टेंबर १९९३ ला पहाटे चारच्या आधी असाच आवाज आला होता. गणपती बोळवून लोक दमून झोपले होते. आमच्या घरातली तीन माणसं त्या दगडी भिंतींखाली गेली. तिला समजवायला अर्धा तास लागला की आई, गाडी होती.

त्या पोरांना काय कल्पना. त्यांचा जन्मच नंतरचा. मी काही बोललो नाही. पण इकडच्या गावातून जाताना तेवढा बास कमी करत जा.

नांदेड_बासप्रेमी
काका, हात जोडतो. २०२४ ला हिंगोली-नांदेडकडं भूकंपाचे धक्के बसले तव्हा मी स्वतः पहिल्यांदा वाटलं शेजारी कुणीतरी वुफर लावलाय म्हणून खिडकीतून ओरडलो होतो. उलटं पण होतं म्हणजे. इथून पुढं गावात शिरताना बास बंद, शब्द.

मोसंबी_जालना
काका वाचून गप्पच झालो. आमच्या आईला पण दाखवलं.

सर्व्हेअर_संभाजीनगर
मी विम्याचं सर्व्हेचं काम करतो. कोरडं बोलतो पण ऐका. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२, कंपनीनं दिलेल्या मूळ बांधणीत बदल करता येत नाही, आणि २०१९ च्या जानेवारीत सुप्रीम कोर्टानं पण तेच धरलं. मॅट, सीलंट, फोमपट्टी हे बदलात कोण धरत नाही. पण टपाला वेल्ड केलेले पाईप किंवा कापलेला बीम अपघातानंतर माझ्यासारख्याच्या फोटोत येतो, आणि मग क्लेमचं काय होतं हे मला सांगायला लावू नका. गाडीत ॲम्प-वुफर बसवलाय तर विमा कंपनीला कळवून ठेवा, विशेषतः वायरिंग. बॅटरीपासून दीड फुटाच्या आत फ्यूज आहे का तुमच्या? नसेल तर पत्र्याचं नंतर बघा, आज रात्री आधी तो बसवा. मी बघितलेल्या जळालेल्या गाड्यांत बिनफ्यूजची जाड वायर बऱ्याचदा सापडते, पत्र्यातून जिथं आत जाते तिथं रबरी बूच नसतं, कडेनं साल कापते आणि संपलं.

आवाजाचा नियम पण आहे, २००० सालचा. राहत्या वस्तीत दिवसा ५५ डेसिबल, रात्री दहा ते सहा ४५. काचा उघड्या ठेवून गल्लीत उभं राहून वाजवलं तर हे सहज ओलांडतं.

मोसंबी_जालना
फ्यूज आहे... ॲम्पजवळ. बॅटरीजवळ नाही. 😐

सर्व्हेअर_संभाजीनगर
ॲम्पजवळचा फ्यूज ॲम्पला वाचवतो, वायरीला नाही. वायर बोनेटपासून डिक्कीपर्यंत उघडीच राहिली ना. उद्या सकाळी, चहाच्या आधी.

पदार्थविज्ञान_लातूर
कानाचं कुणीच बोललं नाही म्हणून. ८५ डेसिबलला आठ तास ही मर्यादा धरतात आणि दर तीन डेसिबलला वेळ निम्मा. म्हणजे १०० ला पंधराच मिनिटं. फक्त हे आकडे कानाच्या संवेदनेप्रमाणे तोललेले असतात, ४० हर्ट्झचा बास त्या मापात जवळपास ३५ डेसिबल कमी मोजला जातो, म्हणून १३० च्या बासमध्ये बसलेला माणूस लगेच बहिरा होत नाही. पण पोरं काय करतात, बासच्या बरोबरीनं गाण्याचा आवाज पण चढवतात, आणि ती चढलेली तुतारी-झांज कान खाते. गाडीतून उतरल्यावर कानात शिट्टी वाजली तर समजायचं झालं जास्त. माझ्या भावाला वाजते. तो म्हणतो मच्छर आहे.

परभणी_एक्सप्रेस
जगात जर्मनी, भारतात परभणी, आणि कानात मच्छर.

तिखट_शेंगदाणा
ते फायबरचं राहिलं की. माझा चुलतभाऊ कूलरच्या फायबर बॉडी करतो, त्याच्याकडून डिक्कीच्या दाराच्या आतून दोन थर मारून घेतले मी. काम चांगलं झालं, डिक्की बंद केली की आता धप्प बसती. पण तीन गोष्टी. दुपारी करू नका, मार्चच्या उन्हात रेझिन कालवेपर्यंत वाटीतच गठ्ठा होतं, वाटी हातात धरवत नाही इतकी तापती. पत्रा पॉलिश पेपरनं खरखरीत केल्याशिवाय मारलं तर चार महिन्यात पापुद्रा सुटतो. आणि पूर्ण बाह्यांचा शर्ट घाला, मी बनियनवर होतो, आठ दिवस खाजवत बसलो आणि बायको म्हणली खरूज आणलीस कुठून. टपाला मात्र करू नका, डोक्यावर उलटं रेझिन मारणं म्हणजे डोळ्यात घेणं आहे. वास पण महिनाभर जात नाही.

नांदेड_बासप्रेमी
डिक्कीच्या दाराला मी पण हो म्हणीन. कुलपाची कडी पण बघा मोसंबी भाऊ, तिचे दोन बोल्ट सैल करून कडी दोन एमएम आत सरकवली की दार रबरावर घट्ट बसतं. फुकटचं काम आहे आणि अर्धी थरथर तिथंच असती.

मोसंबी_जालना
(तीन आठवड्यांनी)
मंडळी हजर आहे. उशीर झाला, मधे लग्नसराई होती.

क्रमानं सांगतो. फ्यूज दुसऱ्या दिवशीच बसवला, सर्व्हेअर साहेब, चहा घेऊनच पण बसवला. पत्र्यातून वायर जिथं आत येती तिथं खरंच बूच नव्हतं, वायरीच्या सालीवर नखानं ओरखडल्यावाणी पांढरी रेघ पडलेली होती. बघून पोटात गोळा आला.

मग टोन लावून भावाला बाहेर उभं केलं. नंबर प्लेट ३४ हर्ट्झला सुरू व्हायची, जॅक ४१ ला, मागचं सीटबेल्टचं बक्कल ५० च्या पुढं. फोमपट्टी आणि दोन जास्तीचे स्क्रू, ९० रुपये. डिक्कीची कडी सरकवली. एवढ्यावरच बाहेरचा डबा सत्तर टक्के गेला असं भाऊ म्हणतो, त्याचे टक्के म्हणजे त्याचेच.

टपासाठी रविवारी अस्तर उतरवलं. वेल्डर भाई, तुम्ही दिव्यदृष्टीवाले आहात. तीन पट्ट्यांपैकी दोन पूर्ण सुटलेल्या. जुना मसाला बोटानं दाबला तर गुळाच्या ढेपेवाणी भुगा झाला. पीयूच्या दोन नळ्या लागल्या. दुकानदार म्हणला होता एका दिवसात वाळतं, पण ते हवेतल्या ओलाव्यावर वाळतं म्हणे आणि आमच्याकडं ह्या दिवसात ओलावा कुठला, चौथ्या दिवशी नख रुतायचं थांबलं. तोपर्यंत बिनअस्तराची गाडी घेऊन कामावर गेलो, लोक म्हणले अपघात झाला का. अस्तर काढताना सहा क्लिपा मोडल्या त्या वेगळ्या.

मॅट फक्त टपाच्या मधल्या मोकळ्या चौकोनात आणि डिक्कीच्या दारात मारली, सगळीकडं नाही, साधारण एक तृतीयांश. रोलर नव्हता, आईचं लाटणं घेतलं. ते आता परत घरात घेत नाहीत, नवीन आणून द्यावं लागलं. लाटण्यासकट एकूण ३,९६० रुपये.

टप हलतो का? हलतो, पण आता हात ठेवला तर कळतं, नुसतं बघून नाही. आरशात एक ट्रक एकच दिसतो. बास पण जरा भरीव वाटतोय, का माझा भ्रम आहे माहीत नाही.

वाळूज_वेल्डर
भ्रम नाही, आधी पत्रा हलवण्यात जात होता तो आता आत राहिला. क्लिपा माझ्याकडं भंगारातल्या पडल्यात, संभाजीनगरला आलात तर घेऊन जा.

पदार्थविज्ञान_लातूर
लाटणं वाचून हसू आवरेना. भावाला दाखवणार नाही, माझ्याकडं एकच लाटणं आहे.

बप्पा_केजकर
सासुरवाडीला गेलता का मग?

मोसंबी_जालना
गेलतो बप्पा. अंबडच्या अलीकडं बास बंद केला, किल्लारीच्या काकांची आठवण आली. आणि बास बंद केल्यावर कळलं की डाव्या पुढच्या सीटखालून अजून एक बारीक टिक-टिक येतीय. खड्ड्यात पण येती. आता ते काय?

खडखड_नको
चिल्लर. शंभर टक्के चिल्लर. सीट पूर्ण मागं सरकवा आणि रुळात टॉर्च मारा.

मोसंबी_जालना
चिल्लर नाही. अडकित्ता निघाला. आई दिवाळीपासून शोधत होती आणि कामवाल्या मावशींवर संशय घेऊन बसलेली. आता दोघींना कोणत्या तोंडानं सांगू, तेवढं सांगा.

परभणी_एक्सप्रेस
आवाज वाढवून सांग.